गाण्यांवरचा आळ

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरचे म्हणतात. असेल. पण गेल्या श्रावणानंतर ओतूरच्या स्टँडपासून नारायणगावच्या मार्केटपर्यंत मी जेवढी भांडणं केली, ती सगळी एकाच वाक्यावरून केली. 'त्या गाण्यांनी पोरगं खाल्लं.' हे बोलणाऱ्याला ती गाणी कशाशी खातात हे माहीत नसायचं, आणि पोरगं तर त्याहून माहीत नसायचं.

पोरगं म्हणजे ऋतिक. माझी पिकअप चालवायचा. टोमॅटोच्या हंगामात आम्ही ओतूरच्या आसपासच्या मळ्यांतून क्रेट भरायचो आणि नारायणगावला नेऊन उतरवायचो. गाडी माझ्या नावावर म्हणून तो मला 'शेठ' म्हणायचा, तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी याची आणि मी क्लीनर. त्याचं घर वर घाटमाथ्यावर, नाणेघाटाच्या अंगाला. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदललीत. का, ते पुढं कळेल. भाताची खाचरं, उतारावर थोडी नाचणी, घरात आई कोंडाबाई आणि शेजारच्या घरात चुलता जानकू. बाप तो लहान असतानाच गेला होता.

वरचा पोरगा आणि हेवी मेटल हे जुळलं कसं, असं लोक विचारतात. त्यात काही जादू नाही. पुण्याची ट्रेकिंगवाली पोरं शनिवार-रविवार जीवधनला येतात, आणि ऋतिक शाळेत असल्यापासून त्यांना वाट दाखवायचा. त्यातल्या एकानं भिजलेला काळा टीशर्ट याच्या ओट्यावर वाळत टाकला आणि तसाच विसरून गेला. जाताना फोनवरून थोडी गाणी मात्र देऊन गेला. कोंडाबाईनं टीशर्टवरची कवटी पाहिली आणि तो सरळ चुलीत घातला. ऋतिकनं ओढून काढला तोवर बाहीला भोक पडलं होतं. पुढं तो टीशर्ट त्यानं भोकासकट विरेपर्यंत वापरला.

"पयल्यांदा ऐकलं तवा वाटलं फोन बिघडला," तो सांगायचा. "मंग कळलं, फोन ठीक हाय. म्हनलं, मंग ह्ये हाय तरी काय?"

मला ती गाणी त्यानंच लावली. मी आपला हिंदी गाण्यांवर आणि यात्रेतल्या ढोल-लेझमावर वाढलेला माणूस. पहिलं गाणं सुरू झाल्याबरोबर मी ओरडलो, "बंद कर रे, टमाटी फुटतील मागं."

"तीन डाव ऐकायचं, शेठ. मंग बोलायचं."

हा त्याचा नियम होता. कुणी गाणं दिलं की तीनदा ऐकायचं, त्याआधी तोंड उघडायचं नाही. मार्केटच्या बाहेर गाड्यांची रांग लागली होती, पळून जाणार कुठं? तिसऱ्या वेळेला मला त्या गोंधळात ड्रमवाल्याचे पाय ऐकू आले. दोन्ही पायांनी बडवत होता बाबा. माझी बोटं दरवाजावर वाजायला लागली आणि ऋतिकनं तोंड खिडकीकडं वळवलं. हसताना दिसू नये म्हणून.

बँडची नावं विचाराल तर सांगता यायची नाहीत. ती बाभळीच्या काट्या रचल्यासारखी लिहिलेली असतात, वाचायची कुणी? ऋतिकला इंग्रजी येत नव्हतं आणि मला येतं ते खताच्या गोणीवरचं. म्हणून गाण्यांना तो स्वतःच नावं ठेवायचा. सुरुवातीपासून सुसाट सुटणारं एक होतं, ते 'कडबाकुट्टी'. संथ, जड, पायाखालची जमीन हलवणारं ते 'पोकलेन'. एका बँडचा गायक उंच आवाजात किंचाळायचा, त्याला 'आत्याबाई'. एक गाणं बराच वेळ शांत गिटारीवर चालायचं आणि मध्येच अंगावर कोसळायचं, त्याचं नाव 'माळशेज'. "शेठ, आत्याबाईंना बोलवू का?" असं त्यानं विचारलं की बाजूच्या गाडीतला माणूस मान वर करून बघायचा आणि आम्ही दोघं हसून बेजार व्हायचो.

तिसरी आमच्यात आली ती हर्षाली. मूळची अवसरी बुद्रुकची, फार्मसी शिकलेली, ओतूरला मामाकडं राहून स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये काम करते. ऋतिक आईच्या गुडघ्यांसाठी मलम घ्यायला गेला, अंगात तो टीशर्ट. हिनं मलम काढता काढता टीशर्टावरच्या काट्याकुट्या घडाघडा वाचल्या आणि म्हणाली, "यांचा दुसरा अल्बम ऐकलास का? याच्याहून बरा आहे." ऋतिक मलम काउंटरवरच ठेवून पळत गाडीपाशी आला. "शेठ, ती मेडिकलवाली वाचती! सगळं वाचती!"

स्टँडवरच्या रिकामटेकड्यांना लगेच वाटलं, यांचं काहीतरी आहे. काही नव्हतं. हर्षालीला हॉस्टेलवर असताना या गाण्यांचा नाद लागला होता आणि घरी त्याचा उच्चार करायची सोय नव्हती. तिला कुणीतरी ऐकणारं हवं होतं, एवढंच. मेडिकल दुपारी बंद झालं की आम्ही तिघं पिकअपच्या मागच्या, खाली पाडलेल्या फाळक्यावर बसायचो, वडापाव खायचो आणि एकमेकांना गाणी द्यायचो. ती गाणंही औषधासारखं द्यायची. "हे जेवणानंतर ऐक, रिकाम्या पोटी नको." एकदा ती एका गाण्याचा अर्थ सांगायला लागली तर ऋतिकनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "नगं सांगू, हर्षाली. मला जे कळलंय ते बिघडंल."

गाणं देणं त्याला फार आवडायचं. हमालांना द्यायचा, जीपवाल्याला द्यायचा, घ्यायला नको म्हणणाऱ्यालाही द्यायचा. घरी नेऊन जेवायला घातल्यासारखं समाधान त्याच्या तोंडावर दिसायचं. फक्त आईपुढं डाळ शिजली नव्हती. खाचरात रोपं लावता लावता हा मान झटकायला लागला की वाडीत कुजबूज व्हायची, याच्या अंगात येतं. कोंडाबाईनं त्यापायी देवीला नारळही फोडला होता.

गेल्या श्रावणात लावणी संपत आली होती. तो दोन दिवस वर, एक दिवस खाली असं करत होता. त्या दिवशी दुपारी खाली आला, खताची गोणी घेतली, माझ्याबरोबर चहा प्यायला आणि संध्याकाळच्या जीपनं वर गेला. जीप डांबरी संपते तिथं सोडते. पुढं कड्याच्या कडेनं पायवाट आहे. श्रावणात तिथं धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. सकाळी जानकूला तो कड्याखाली सापडला.

आदल्या दिवशी त्याचं आणि आईचं जोराचं वाजलं होतं, ते सगळ्या वाडीनं ऐकलं होतं. मग लोकांनी बसल्या जागी गणित मांडलं. भांडण, कवटीचा टीशर्ट, मरणाची गाणी. पोरानं जीव दिला. कुणी जरा दयाळू असेल तर म्हणायचा, जीव नसेल दिला, पण कानात ते होतं, आईनं हाळी दिली ती ऐकू गेली नाही आणि पाय चुकला. काही झालं तरी आळ गाण्यांवरच. एका शहाण्यानं तर परदेशात असली गाणी ऐकून पोरं मरतात म्हणून कुठलीशी बातमी शोधून गावच्या ग्रुपवर टाकली. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी त्याच्या घरी जाऊन त्याला बाहेर बोलावलं होतं.

"माणसांना मारून काय सिद्ध करणार आहेस?" हर्षाली मला म्हणाली.

"तो मरायला निघाला नव्हता. मला माहितीये."

"मलाही माहितीये. पण तू ते कुणाला सांगतोयस? ज्यांना घेणं ना देणं त्यांना."

तिचं खरं होतं. मला हे सांगायचं होतं ते एकाच माणसाला, आणि त्या माणसाच्या दारात जायची माझी छाती होत नव्हती. दहाव्याला मी गेलो तेव्हा कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, माझी गाडी आणि माझी संगत, हिच्या लेखी मीच गुन्हेगार.

भाद्रपद सरल्यावर एका बाजारच्या दिवशी ती स्वतःच आली. मी स्टँडबाहेर गाडी लावून बसलो होतो. काचेवर बोटानं टकटक झाली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती उभी होती, हातात रिकामी पिशवी.

"ती गानी हायती तुझ्याकडं?"

"आहेत, मावशी."

"मला ऐकव. माझं पोरगं नेलं ती कशी हायती ते बघू दे."

मी हर्षालीला फोन केला. ती शटर अर्धं ओढून आली. कोंडाबाईला मध्ये बसवलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. काचा वर केल्या आणि मी 'कडबाकुट्टी' लावलं. कोंडाबाईनं एक हात समोर डॅशबोर्डवर घट्ट रोवला, जीप घाटात वळण घेते तेव्हा बायका रोवतात तसा. गाणं संपेपर्यंत काढला नाही.

"ह्यो कुनावं रागावलाय येवढा?" ती म्हणाली.

मला हसू आलं. ऋतिक गेल्यापासून पहिल्यांदा आलं. मग मी तिला ती सगळी नावं सांगितली, पोकलेन आणि माळशेज आणि आत्याबाई. आत्याबाई ऐकवली तेव्हा तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, जमतंय.

तिनं हर्षालीकडं वळून विचारलं, "तू शिकल्याली हाईस. काय म्हंत्यात गं ह्यात? मरा म्हंत्यात का?"

हर्षाली खोटं बोलू शकत नाही, हा तिचा रोगच आहे. ती म्हणाली, "काही काही गाण्यांत मरणाचं असतं, मावशी."

कोंडाबाईनं मान हलवली, जणू तिला हवं ते मिळालं. माझं डोकं तडकलं. इतके दिवस जे हमालांना आणि रिकामटेकड्यांना ओरडून सांगितलं, ते ऐकायला अखेर खरं माणूस माझ्या शेजारी बसलं होतं, आणि या बयेनं सगळ्यावर पाणी ओतलं.

"मावशी, त्याला यातलं एक अक्षर कळत नव्हतं," मी म्हणालो. "हिनं अर्थ सांगायला घेतला तर कानांवर हात ठेवायचा. त्याला ती मरणाची वाटतच नव्हती. तो खुशीत होता त्या दिवशी. खताची गोणी घेऊन कुणी मरायला जातं का? तो घरी यायला निघाला होता."

मी पुढचं गाणं लावलं. "हे त्याचं सगळ्यात लाडकं." ते लांबलचक गाणं आहे. शेवटी वाद्यं थांबतात आणि गायक एकच आरोळी देतो, छातीतला दम संपेपर्यंत. "याला त्यानं काय नाव दिलं होतं माहितीये? 'आईची हाळी'."

वर धुक्याच्या दिवसांत घरचं माणूस वाटेवर असलं की बाया ओट्यावर येऊन हाळी देतात. आवाजाच्या रोखानं चालणारा कड्यापासून आत वळतो. हे मला ऋतिकनंच सांगितलं होतं. आणि म्हणाला होता, "ह्या गायकाला म्हनावं, ये आमच्या आईकडं. हिची हाळी पार पल्याडच्या डोंगराला लागून माघारी येती." मी ते जसंच्या तसं कोंडाबाईला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. मला खरंच तसं वाटलं.

आरोळी संपली. तिनं डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर घेतला. खाली बघत म्हणाली, "पर कानात त्याच्या त्या खुट्ट्या असतीलच की. नेहमी असायच्या. त्या दिवशी बी असतील. व्हत्या ना?"

ती ते विचारत नव्हती, मागत होती. आता मला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा आला नाही. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की माझ्याकडं पुरावा आहे. मी समोरचा कप्पा उघडला आणि हेडफोन काढून तिच्या हातात दिले.

"नव्हत्या, मावशी. हे बघा. गाडीत ठेवून गेला तो. मला म्हणाला, खाचराचा बांध फुटला तवा आईनं हाका मारल्या, मला ऐकू न्हाई आल्या, सगळी रोपं व्हाऊन गेली. आई लई भडकलीय. आता लावणी व्हईस्तोवर कानात काय घालायचं न्हाई, तिनं हाक मारली की ऐकू आली पायजे."

हर्षालीनं मागून हात घालून माझा दंड दाबला. तिला माझ्याआधी कळलं होतं. मी मात्र जिंकलेल्या वकिलासारखा बोलतच राहिलो. "म्हणजे बघा, गाण्यांचा काही संबंधच नाही. कान मोकळे होते त्याचे."

"मोकळं व्हतं," कोंडाबाई म्हणाली.

"हो."

"मी हाळी दिली न्हाई."

बाहेर एसटीवाला नारायणगाव, नारायणगाव ओरडत होता.

"म्या त्याला म्हनलं व्हतं, माझी हाक तुला ऐकू येत न्हाई ना, आता द्यायचीच न्हाई. ये कसा येतोस त्यो. सांजंला धुकं उतारलं. म्या ओट्यावं गेले. त्वांडाशी हात बी धरला. आन म्हनलं, न्हाई. एक दिस कळू दे त्याला." तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, परत सोडवली. "लोकांनी इचारलं, तवा म्हनलं, दिली व्हती. त्याच्या कानात ते असंल, म्हनून ऐकली न्हाई. म्याच म्हनलं पयल्यांदा. मंग समदी म्हनाया लागली. मला बी खरं वाटाया लागलं व्हतं."

मी बोलायचा प्रयत्न केला. पावसाचा आवाज असेल, म्हणालो. वारा असेल. ही वायर जुनीही असू शकते, त्याच्याकडं दुसरी असेल. माझ्या तोंडून एकामागून एक खोटं निघत होतं आणि एकही धड उभं राहत नव्हतं.

"नगं," ती म्हणाली. "माझी हाळी ऐकू येती."

हर्षाली रडत होती. कोंडाबाई रडली नाही. तिनं हेडफोन माझ्या मांडीवर ठेवले. "ह्ये तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. घरात कुनी बघितलं तर इचारतील." मग उतरायला म्हणून हर्षालीच्या बाजूच्या दाराकडं सरकली आणि थांबली. "समर्थ, लोकं गान्यांनी नेलं म्हंत्यात ना. त्यांना म्हनू दे. तू भांडतोस म्हनं सगळ्यांशी. नगं भांडू. मला तिथंच ऱ्हायचंय, त्या वाडीत, त्याच ओट्यावं."

मी तिला जीपपर्यंत सोडायला निघालो तर तिनं हातानंच नको म्हटलं. पिशवी तशीच रिकामी होती. बाजार केलाच नाही तिनं.

त्यानंतर मी खूप वेळा मनात हिशेब मांडला की मी गप्प बसलो असतो तर. एका 'असतील मावशी' नं काम झालं असतं. तिनं तेवढंच मागितलं होतं. मला ऋतिकचं नाव धुऊन काढायचं होतं, आणि ते धुताना सगळं पाणी त्याच्या आईच्या अंगावर गेलं. हर्षाली म्हणते, तुला माहीत नव्हतं. नव्हतं. पण कोंडाबाईला तरी आता कुठं काही माहीत नसल्यासारखं जगता येणार आहे?

दिवाळीच्या तोंडावर नारायणगावच्या मार्केटमध्ये जानकू भेटला. कामाला खाली आला होता, एका आडत्याकडं क्रेट उचलत होता. मला बघून त्यानं हाक मारली, बळंच चहाच्या टपरीवर नेलं. ओळखीचे हमाल होते, गाडीवाले होते. बोलता बोलता विषय निघायचा तो निघालाच.

"वैनीनं हाळी दिली वो," जानकू म्हणाला. "घसा फोडून दिली म्हनती. पर कानात ती गानी. गान्यांनी खाल्लं आमचं पोरगं."

सगळ्यांना माहीत होतं की आता काय होणार. माझ्या शेजारच्या गड्यानं तर ग्लास उचलून बाजूला सरकून घेतलं.

मला ऋतिक दिसला. हेडफोन गुंडाळून कप्प्यात टाकणारा, आईची हाक ऐकू यावी म्हणून. जगात त्याची बाजू घेणारे आम्ही दोनच होतो, आणि त्यातला एक मी.

"हो, जानकूकाका," मी म्हणालो. "कानात घालूनच जीपमध्ये बसला होता. मी बघितलं."

जानकूनं माझा हात धरला. त्याचे डोळे भरले होते. "आता तुमी तरी सोडा ती गानी, समर्थभाऊ."

"सोडली," मी म्हणालो, आणि त्यानं दिलेला चहा त्याच्यासमोर सगळा प्यायलो.